चुकलेल्या गोळीचे गणित



तुमच्यापैकी जे भिवंडीला राहतात, किंवा निदान एकदा तरी तेथून गेले आहेत, त्यांना यंत्रमागाच्या खडखडाटाची ओळख करून द्यायला नको. दिवसपाळी सुटते, रात्रपाळी लागते, पण आवाज थांबत नाही. मागावर उभ्या धाग्यांचा, म्हणजे ताण्याचा, भलामोठा बीम बसवलेला असतो आणि बाण्याचा धागा घेऊन धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे धावत असतो. जुन्या साध्या मागावर ताण्यातील एखादा धागा तुटला, तर माग आपण होऊन थांबत नाही. कामगाराची नजर जाईपर्यंत कापड विणले जातच राहते आणि त्यात एक उभी रेघ राहून जाते. मग माग थांबवून धागा जोडता येतो. पण जे विणून झाले ते झाले. हे चित्र जरा लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ते लागणार आहे.

आता अशी कल्पना करा, की याच गावात एका चाळीत तुमच्या शेजारी एक काकू राहतात. काका मागावर बारा तासांची पाळी करतात. एक आठवडा दिवसाची, तर दुसरा रात्रीची. काकू बिशी चालवतात. भिवंडीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बिशी म्हणजे गाव सोडून एकट्याने राहणाऱ्या कामगारांची घरगुती खाणावळ. काकूंना पाचवा महिना लागला आहे. सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रियांच्या रक्ताच्या ज्या तपासण्या होतात, त्यांत त्यांना एचआयव्हीची लागण असल्याचे आढळले. तेव्हापासून त्या रोज रात्री नऊ वाजता एक गोळी घेतात. ‘एकही गोळी चुकवायची नाही, बाळंत होईपर्यंत नाही, बाळ अंगावर पीत असेपर्यंत नाही, आणि त्यानंतरही नाही,’ असे त्यांना बजावून सांगितले आहे.

या काकू आमच्या कल्पनेतल्या आहेत. परंतु अशी गोळी घेणाऱ्या माता खऱ्या आहेत, आणि त्या तुमच्या-आमच्या आसपास राहतात. (त्यांच्या हातचे जेवल्याने कोणालाही लागण होत नाही. हा विषाणू अन्नातून, पाण्यातून, स्पर्शातून किंवा डासांमार्फत पसरत नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे.)

प्रश्न असा, की एवढी कडक शिस्त कशासाठी? डोके दुखायचे थांबले, की आपण गोळी विसरतो आणि काही बिघडत नाही. मग याच गोळीचे एवढे काय? याचे उत्तर थोडे जीवशास्त्रात आहे आणि बरेचसे तुमच्या गणिताच्या पुस्तकात आहे.

नक्कल करताना होणाऱ्या चुका

हा विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतानिये यांच्या गटाने प्रथम वेगळा केला. त्याबद्दल त्या दोघांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातील पहिली नोंद १९८६ सालची, मद्रासची. ती सेल्लप्पन निर्मला आणि त्यांच्या मार्गदर्शक सुनीती सोलोमन यांनी केली. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या.

विषाणूचा व्यास सुमारे १२० नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यातील एका भागाहून तो थोडासाच मोठा. त्याच्या पोटात आरएनएची पट्टी असते आणि तिच्यावर जवळजवळ दहा हजार ‘अक्षरे’ असतात. अक्षरांचे प्रकार फक्त चार. आपल्या रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींत विषाणू शिरतो, आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतो आणि ती नक्कल पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये घुसवून देतो. नक्कल करणाऱ्या विकराचे नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. हा कारकून फार धांदरट आहे. लिहिलेले परत तपासून पाहण्याची सवय त्याला नाही. साधारणपणे तीस हजार अक्षरे उतरवताना तो एक चूक करतो.

वही-पेन्सिल घ्या. एका प्रतीत दहा हजार अक्षरे. म्हणजे दर तीन प्रतींमागे सुमारे एक चूक. औषध न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात दररोज कोट्यवधी पेशींना नव्याने लागण होत असते. आपण हिशेबापुरत्या एक कोटी धरू. म्हणजे रोज चुका झाल्या सुमारे तेहतीस लाख. आता एकेका अक्षराच्या जागी उरलेल्या तीन अक्षरांपैकी कोणतेही येऊ शकते. तेव्हा एका अक्षराचे शक्य असलेले एकूण बदल १०,००० गुणिले ३, म्हणजे ३०,०००. तेहतीस लाखांना तीस हजारांनी भागा. उत्तर येते शंभराच्या थोडे वर.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. कोणताही एका अक्षराचा बदल तुम्ही मनात धरा. तो रोज शंभरेक वेळा होऊन जातो. त्यात असाही एखादा बदल असतो, की ज्यामुळे एखाद्या औषधाची मात्राच चालत नाही. लॅमिव्ह्युडीन किंवा नेव्हिरापीन या औषधांना निष्प्रभ करायला एकच मोक्याचे अक्षर बदलले तरी पुरते. पुष्कळांचा समज असतो, की औषधामुळे विषाणू ‘सरावतो’. तसे नाही. दाद न देणारा विषाणू औषधाच्या आधीपासूनच गर्दीत असतो; औषध इतरांना मारते आणि याला मोकळे रान मिळते.

१९८७ साली झिडोव्ह्युडीन हे पहिले औषध आले, तेव्हा एकट्याने दिलेल्या त्या औषधाचा प्रभाव काही महिन्यांतच का ओसरू लागे, ते आता तुम्हाला सांगता येईल.

मग यावर उपाय? तीन औषधे एकदम. एक ठराविक बदल एखाद्या प्रतीत होण्याची शक्यता सुमारे लाखात एक, म्हणजे दहाचा उणे पाचवा घात. दोन ठराविक बदल एकाच प्रतीत एकदम होण्याची शक्यता काढायला दोन शक्यतांचा गुणाकार करायचा: दहाचा उणे दहावा घात. तीन बदलांची शक्यता दहाचा उणे पंधरावा घात. रोज एक कोटी प्रती धरल्या, तर पहिला प्रकार दिवसाला शंभर वेळा, दुसरा हजार दिवसांतून एकदा आणि तिसरा दहा कोटी दिवसांतून एकदा. दहा कोटी दिवस म्हणजे सुमारे पावणेतीन लाख वर्षे! हा हिशेब सोपा करून मांडला आहे; प्रत्यक्षात सगळे बदल एकमेकांपासून इतके स्वतंत्र नसतात. तरी १९९६ पासून तीन औषधांच्या उपचाराने जो चमत्कार वाटावा असा फरक पडला, त्याचे मर्म या तीन घातांकांत आहे.

मात्र यात एक अट लपलेली आहे. तिन्ही औषधे रक्तात एकाच वेळी, पुरेशा प्रमाणात हजर हवीत.

पातळी कशी टिकते

औषध घेतले, की यकृत आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकण्याच्या मागे लागतात. रक्तातील औषध निम्मे व्हायला लागणाऱ्या वेळाला अर्धायुकाल म्हणतात. किरणोत्सर्गाच्या धड्यात तुम्हाला हा शब्द भेटतो. काकूंच्या गोळीत तीन औषधे एकत्र आहेत: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राविर. पैकी डोल्युटेग्राविरचा अर्धायुकाल सुमारे १४ तास. म्हणजे २४ तासांनी शंभरातील तीसच भाग उरतात.

पहिल्या रात्री १०० भाग घेतले, असे समजू. दुसऱ्या रात्री नऊला उरले ३०. त्यात १०० मिळवले, झाले १३०. तिसऱ्या रात्री उरले ३९, आणि गोळीनंतर १३९. असेच पुढे करत जा. चार-पाच दिवसांत गोळीपूर्वीची पातळी ४३ च्या आसपास आणि गोळीनंतरची १४३ च्या आसपास स्थिर होते. आता एक रात्र गोळी चुकवा. पुढच्या रात्री नऊला ४३ ऐवजी उरतील १३. दोन रात्री चुकवा, उरतील ४. तीन रात्री चुकवल्या तर जेमतेम १.

येथे घाबरवण्याचा हेतू नाही. एक गोळी चुकली म्हणजे सारे संपले असे मुळीच नाही, आणि डोल्युटेग्राविर तर या बाबतीत बरेच क्षमाशील औषध आहे. आठवण होताच गोळी घ्यावी. मात्र पुढच्या वेळी भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. खरी पंचाईत होते ती लागोपाठ चार-सहा दिवस खंड पडला तर. कारण तिन्ही औषधे सारख्या वेगाने जात नाहीत. टेनोफोव्हिरचे पेशीत तयार होणारे क्रियाशील रूप कित्येक दिवस रेंगाळते, लॅमिव्ह्युडीनचे त्याआधीच ओसरते. तीन पहारेकऱ्यांपैकी दोघे घरी गेले आणि तिसरा एकटाच, तोही अर्धवट झोपेत, दारावर उभा राहिला, तर जे होईल ते होते. पावणेतीन लाख वर्षांचे गणित पुन्हा ‘रोज शंभर वेळा’वर येऊन ठेपते.

आणि आता तो माग आठवा. या खंडात दाद न देणारा विषाणू वाढला, तर त्याची नक्कल दीर्घायुषी पेशींच्या डीएनएमध्ये कायमची विणली जाते. पुढे गोळ्या नियमित सुरू केल्या तरी ती उभी रेघ उसवता येत नाही. ते औषध पुन्हा वापरायची वेळ आली, की ती रेघ वर येते.

एका गोळीचा धडा

आतापर्यंत आपण आईचाच विचार केला. बाळाला लागण होऊ शकते ती तीन काळांत: गर्भात वारेमधून, प्रसूतीच्या वेळी आणि अंगावरच्या दुधातून. काहीच उपचार नसतील, तर अशा १०० मातांच्या बाळांपैकी १५ ते ४५ जणांना लागण होते. कमी-अधिक आकडा मुख्यतः स्तनपान किती काळ चालते यावर आणि आईच्या रक्तात विषाणू किती आहेत यावर अवलंबून असतो. ज्या आईच्या रक्तात विषाणू मोजमापात सापडणार नाहीत इतके कमी, तिच्या बाळाला धोका अत्यल्प.

१९९९ साली युगांडाची राजधानी कंपाला येथील एका अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध झाला आणि जगभर आनंद झाला. प्रसूतिवेदना सुरू होताच आईला नेव्हिरापीनची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला एक मात्रा, एवढेच करायचे. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला झिडोव्ह्युडीनच्या थोड्या मात्रा दिल्या होत्या. तीन-साडेतीन महिन्यांनी पाहिले, तर त्या गटात शंभरातील २५ बाळांना लागण झाली होती आणि नेव्हिरापीनच्या गटात १३ बाळांना. जवळजवळ निम्मी बाळे वाचली! औषधही स्वस्त. भारतानेही ही पद्धत स्वीकारली, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांतून ती बरीच वर्षे चालली.

पण नेव्हिरापीनचा अर्धायुकाल मोठा, सुमारे ४५ तास. एकच गोळी घेतली तरी आठवड्यानंतरही सुरुवातीच्या तेराव्या हिश्शाएवढे औषध रक्तात असते. आणि ते एकटेच! जोडीला कोणी नाही. आपल्या मघाच्या गणिताप्रमाणे जे व्हायचे तेच झाले. पुष्कळ मातांच्या रक्तात नेव्हिरापीनला दाद न देणारे विषाणू आढळू लागले. प्रसूतीनंतर सहा महिन्यांच्या आत याच औषधाचा समावेश असलेला पूर्ण उपचार अशा मातांना सुरू केला, तर तो इतरांइतका लागू पडत नाही, असे पुढे दिसून आले. म्हणजे बाळाला वाचवणारी गोळी आईच्या पुढच्या उपचाराची एक वाट बंद करत होती. त्या काळी दुसरे काही हाताशी नव्हते हे खरे, आणि त्या गोळीने असंख्य बाळे वाचवली हेही खरे. पण दीर्घकाळ चालणाऱ्या रोगात ‘एकदाच’ हा शब्द किती फसवा असतो, ते यावरून कळते.

दुसरा धडा आपल्याच महाराष्ट्रात शिकायला मिळाला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, आणि त्याबरोबर इथिओपिया व युगांडा येथे, असे करून पाहिले की बाळाला नेव्हिरापीनची एकच मात्रा देण्याऐवजी सहा आठवडे रोज द्यायची. २००८ मध्ये निकाल आले. जन्मतः लागण नसलेल्या बाळांत सहाव्या आठवड्यापर्यंत लागण झाल्याचे प्रमाण एका मात्रेने ५.३ टक्के, तर रोजच्या औषधाने २.५ टक्के. छानच! पण सहा महिन्यांनी तेच आकडे ९.० आणि ६.९ असे होते. मधले अंतर विरून चालले होते. का बरे? उत्तर तुम्हीच शोधा, मग पुढे वाचा.

औषध सहाव्या आठवड्याला थांबले होते. दूध चालूच होते.

यातून धोरण बदलत गेले. १ जानेवारी २०१४ पासून भारतात एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला तीन औषधांचा उपचार लगेच सुरू करून आयुष्यभर द्यायचे ठरले. सरकारी केंद्रांत तो विनामूल्य मिळतो. भारतातील मोफत उपचाराची सुरुवात १ एप्रिल २००४ ची. आरंभीच्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. आफ्रिकेतील काही देश आणि भारत यांत मिळून, पुण्याचाही सहभाग असलेल्या नंतरच्या एका मोठ्या अभ्यासात २,४३१ माता-बालकांच्या जोड्या स्तनपानाच्या काळात पाहिल्या गेल्या. काहींत आई रोज तिन्ही औषधे घेत होती, काहींत बाळाला रोज नेव्हिरापीन दिले जात होते. दोन्ही पद्धती सारख्याच उपयोगी ठरल्या: बारा महिन्यांपर्यंत लागण झाली हजारात सुमारे सहा बाळांना. शंभरात पंचवीस, तेरा, आणि आता हजारात सहा. प्रत्येक अभ्यासाची परिस्थिती वेगळी असल्याने हे आकडे तंतोतंत एका रांगेत बसवता येणार नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे.

गोळी चुकते तरी का?

२०१२ साली निरनिराळ्या देशांतील ५१ अभ्यासांची एकत्र पाहणी प्रसिद्ध झाली. गरोदरपणी शंभरातील सुमारे ७६ स्त्रिया पुरेशा नियमितपणे औषध घेत होत्या. बाळंतपणानंतर हे प्रमाण ५३ वर आले. म्हणजे बाळ दुधावर असते, नेमके तेव्हाच!

याला निष्काळजीपणा म्हणणाऱ्यांनी एकदा काकूंचा दिवस पाहावा. सकाळी बिशीचा स्वयंपाक, दुपारी पाणी भरणे, रात्रपाळीचा डबा. त्यात पहिल्या महिन्यांतील मळमळ आणि उलट्या. शरीरही बदलते: गरोदरपणी रक्ताचे आकारमान जवळजवळ दीडपट होते, आणि त्यामुळे काही औषधांची पातळी थोडी खालीच राहते, तेव्हा चुकीला जागा कमी. बाळ झाल्यावर झोपेचे तुकडे होतात आणि रात्रीचे नऊ कधी वाजले हेच कळत नाही.

मग माहेर. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. भिवंडीतील मागकामगारांची कितीतरी कुटुंबे तेलंगणातील, उत्तर प्रदेशातील, बिहारमधील, सोलापूरकडची. महिन्याभराच्या गोळ्या घेऊन निघालेली बाई तीन महिने राहिली, तर? निघण्यापूर्वी उपचार केंद्रात सांगितले, तर जादा गोळ्या किंवा तिकडच्या केंद्राच्या नावे पत्र मिळू शकते. पण त्यासाठी आधी सांगता आले पाहिजे, आणि तिकडे माहेरी कोणाला ठाऊकच नसेल तर गोळी घ्यायची कोठे? बाटली हलली की खुळखुळते. एवढ्याशा आवाजाचीही भीती वाटावी, अशी काही घरे असतात.

एक अडचण तर शुद्ध रसायनशास्त्राची आहे. गरोदर स्त्रीला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. डोल्युटेग्राविरचा रेणू धातूंच्या आयनांना चिमट्यासारखा पकडतो. विषाणूच्या विकरातील मॅग्नेशियमचे आयन असे पकडूनच तो त्याचे काम बंद पाडतो. पण उपाशीपोटी लोहाची गोळी आणि ही गोळी एकदम घेतली, तर तो पोटातच लोहाला धरून बसतो आणि रक्तात पुरेसा उतरत नाही. म्हणून ही गोळी लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. किंवा मग भरपेट जेवणाबरोबर एकत्र घेतली तरी चालते. काकूंची लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर असते. रात्रीचे नऊ वाजेपर्यंत सहा तासांचे अंतर आपोआप पडते. ज्या गुणामुळे औषध लागू पडते, त्याच गुणामुळे ते वाया जाऊ शकते, हे मला स्वतःला फार गमतीचे वाटते.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही शाळकरी मुलांनी यात काय करायचे? रात्री नऊला बाळ रडत असेल, तर पाच मिनिटे ते हातांत घ्यायचे. स्वतःच्या आईचे वा ताईचे प्रकरण असेल आणि तिने तुम्हाला विश्वासात घेतले असेल, तर मोबाइलवर गजर लावून द्यायचा आणि गोळ्यांची बाटली संपत आली आहे का, यावर नजर ठेवायची. पाळी बदलते म्हणून वेळ बदलायची नाही; काका दिवसपाळीला असोत वा रात्रपाळीला, नऊ ते नऊच. आणि शेजारच्या घरात बाटली दिसली, तर कोणालाही काही न बोलता पुढे जायचे. एखाद्याची अशी माहिती संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये अंमलात आला. पण कायदा नसता तरी, तुमच्या तोंडून गेलेला एक शब्द एखाद्या बाईच्या चार-सहा दिवसांच्या गोळ्या चुकवू शकतो, आणि त्यापुढचे गणित तुम्ही आताच केले आहे. काही विचारायचे असेल तर १०९७ हा शासकीय मदत क्रमांक विनामूल्य आहे.

दूध, आणि फक्त दूध

मग बाळाला सरळ वरचे दूधच का देऊ नये? हा प्रश्न रास्त आहे. २००६ च्या सुरुवातीला बोट्स्वानात अतिवृष्टीनंतर अतिसाराची साथ आली, तेव्हा बाटलीच्या दुधावरची तान्ही बाळे मोठ्या संख्येने दगावली. आईच्या दुधात अतिसार आणि न्यूमोनियापासून वाचवणारी प्रतिद्रव्ये असतात. बाटलीत असतात ती आपल्या नळाच्या पाण्याची कृपा. म्हणून आई नियमित गोळ्या घेत असेल, तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, आणि नंतर त्याच्या जोडीला वरचे अन्न, असा सल्ला दिला जातो.

यातील ‘फक्त’ हा शब्द आपल्या आज्यांना पटवणे अवघड जाते. मध चाटवणे, गुटी उगाळून देणे, साखरपाणी, ग्राइपवॉटर हे सारे प्रेमापोटी चालते. पण थोडे अंगावरचे आणि थोडे वरचे असे मिसळून दिले, तर लागणीचे प्रमाण नुसत्या अंगावरच्या दुधापेक्षा जास्त आढळते. बाळाच्या आतड्याचे नाजूक अस्तर वरच्या पदार्थांनी दुखावते आणि विषाणूला वाट मिळते, असे मानले जाते. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र द्यायचेच: अशा बाळाला जन्मल्यापासून निदान सहा आठवडे नेव्हिरापीनचे पातळ औषध रोज असते.

बाळ सुटले की नाही, हे कसे कळायचे? मोठ्या माणसाच्या रक्तात प्रतिद्रव्ये शोधतात. बाळाच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण आईची प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे आलेली असतात. लागण नसतानाही तपासणी ‘आहे’ असेच सांगेल. म्हणून सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे काही थेंब खास कागदावर घेऊन वाळवतात आणि प्रयोगशाळेत विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधतात. तीच तपासणी सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा. अठरा महिन्यांपर्यंत आईकडून आलेली प्रतिद्रव्ये संपलेली असतात. तेव्हा, आणि दूध तुटून निदान तीन महिने झाल्यावर, शेवटची प्रतिद्रव्य-तपासणी होते. आमच्या काकूंच्या बाळाला तोपर्यंत चालता येऊ लागलेले असेल, आणि काकूंच्या नऊच्या गोळ्या पाचशेच्या वर झालेल्या असतील.

सोडवून पाहा

१. एका औषधाचा अर्धायुकाल २४ तास आहे आणि रोज १०० भाग घेतले जातात. गोळीपूर्वीची पातळी शेवटी कोठे स्थिर होईल? त्यानंतर लागोपाठ तीन गोळ्या चुकल्या, तर चौथी गोळी घेण्यापूर्वी किती भाग उरतील?

२. वर्गातील तीस मुलांनी प्रत्येकी एक फासा टाकावा. सहा पडणे म्हणजे ‘एका औषधाला दाद न देणे’. मग प्रत्येकाने दोन फासे, नंतर तीन फासे टाकावेत आणि सगळे सहा किती जणांना पडतात ते मोजावे. तीन फाशांचे सगळे सहा निदान एकाला पडायला सरासरी किती वेळा टाकावे लागेल?

३. तीस मुलांच्या जागी रोज एक कोटी मुले फासे टाकत असती, तर तीन फासे पुरे पडले असते काय? विषाणूच्या बाबतीत ते का पुरे पडतात?

(उत्तरे: १. गोळीपूर्वी १००, गोळीनंतर २००. तीन गोळ्या चुकल्यावर १२.५ भाग. २. २१६ वेळा, म्हणजे तीस मुलांच्या वर्गाला सुमारे सात फेऱ्या. ३. नाही; एका फाशाला सहाऐवजी जवळजवळ एक लाख बाजू आहेत असे धरून पुन्हा करा.)